गोव्यात रोज चालणाऱ्या आणि कधीमधी ट्रॅकवर जाणाऱ्या गाडीला कॉइलओव्हर कशाला?

म्हापशेकर_आरएस

गाडी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५. २०२० साली भारतात अशा २०० गाड्या आल्या, त्यांतली एक. २४५ पीएस, ३७० न्यूटनमीटर, मागे मल्टीलिंक (प्रत्येक चाकाला अनेक दांड्यांची जोडणी). शॉक ॲब्झॉर्बर दमलेत. पुलाच्या सांध्यावरून गेलं की मागची बाजू एकदा बसून थांबत नाही, परत डुलते. बदलायचे आहेतच. ज्याला विचारावं तो म्हणतो, कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकचा एकत्र संच, उंची रिंग फिरवून ठरवता येते) घाल आणि मोकळा हो. मला हे अजिबात पटत नाही.

माझं म्हणणं: मूळ उंची, मूळ स्प्रिंग, त्यावर चांगले मोनोट्यूब म्हणजे एका नळीचे शॉक (बिल्स्टीन कंपनीच्या बी६ च्या जातीचे), मागे जरा जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचं कलणं आवरणारी दांडी) आणि नीट अलाइनमेंट (चाकांचे कोन). त्यापुढचा रुपया इथल्या रस्त्यावर वाया.

गाडी खाली घेतली की ती वळणात चिकटून चालते, असा एक समज आहे. हिशेब करून बघा. वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर एकूण किती भार जाणार हे स्प्रिंग ठरवत नाही. ते ठरतं वजनावर, गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर. गुरुत्वमध्य ५५० मिमीवर धरा आणि गाडी ३० मिमी खाली घ्या. फरक पडला साडेपाच टक्के. बदल्यात खड्डा पचवायला असलेली ३० मिमी चाल गेली. शिवाय पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात) आहे. गाडी खाली गेली की लोअर आर्मचा (चाक धरणाऱ्या खालच्या दांडीचा) कोन बिघडतो आणि रोल सेंटर (ज्या बिंदूभोवती गाडी कलते तो) गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली सरकतो. म्हणजे गाडीला कलवणारी तरफ उलट लांब होते. त्याच स्प्रिंगवर नुसती उंची कमी केलेली गाडी जास्त कलते, कमी नाही.

आता रस्ता. पाऊस संपता संपता साखळीहून केरीमार्गे चोर्ला चढून बघा. झाडांच्या सावलीत खड्डा दिसत नाही, दिसतो तेव्हा चाक त्यात असतं. तिथे चाक खड्ड्यातून निघाल्यावर डांबराला किती लवकर परत टेकतं यावर सगळं अवलंबून, आणि ते काम शॉकचं. खाली घेतलेली गाडी घेऊन ओहोटीच्या वेळी दिवाडीच्या फेरीबोटीत चढायचं असेल तर आधी बंपरला नमस्कार करून घ्या.

फातोर्ड्याचा_भिडू

सुरुवातच चुकीची आहे, राव. कॉइलओव्हर आणि लोअरिंग (गाडी खाली घेणं) या दोन गोष्टी तुम्ही एकाच ताटात कालवल्यात. उंचीची रिंग वर ठेवा ना, कोणी अडवलंय?

कॉइलओव्हरचा खरा फायदा उंची नाहीच. स्प्रिंग आणि शॉक एकमेकांसाठी बनवलेले मिळतात, हा आहे. केडब्ल्यू कंपनीचा व्हेरिएंट ३ घ्या: रिबाउंड (शॉक सुटतानाचा कडकपणा) वेगळा, कॉम्प्रेशन (दबतानाचा) वेगळा. रोजच्यासाठी मऊ, ट्रॅकवर गेल्यावर चार क्लिक कडक, झालं काम. तुमच्या बी६ मध्ये कारखान्याने जे व्हॉल्व्हिंग (शॉकचा कडकपणा) ठरवलं ते मरेपर्यंत तेच. मूळ स्प्रिंग ही चार माणसं, डिकीत सामान आणि युरोपातला गुळगुळीत रस्ता धरून केलेली तडजोड आहे. ती तशीच ठेवून ट्रॅकवर जाणार, आणि मग म्हणणार गाडी पुढून सरकते.

म्हापशेकर_आरएस

रिंग वर ठेवा म्हणणं सोपं आहे. रस्त्यासाठीच्या बहुतेक किटना सगळ्यात वरच्या खुणेवर ठेवूनही गाडी मूळपेक्षा खालीच बसते. त्यात माझी आरएस स्कोडानेच साध्या ऑक्टाव्हियापेक्षा खाली बसवलीय. आणि क्लिकचं म्हणाल तर घरून निघताना किती जण खरोखर क्लिक बदलतात? एकदा बसवताना मेकॅनिकने फिरवलेले असतात, पुढे गाडी विकेपर्यंत तिथेच.

पेडण्याचा_पोलो

एवढं डोकं कशाला लावायचं? मी पोलोला लोअरिंग स्प्रिंग घातल्या, शॉक कंपनीचेच. दिसते भारी, वळते भारी. किमतीत कॉइलओव्हरच्या पाव पण नाही.

फातोर्ड्याचा_भिडू

@पेडण्याचा_पोलो, इथे मात्र मी म्हापशेकरांच्या बाजूने. स्प्रिंग कडक झाली आणि शॉक तोच राहिला, तर रिबाउंड त्या स्प्रिंगला आवरू शकत नाही. वर उंची कमी, म्हणजे बंप स्टॉप (चाल संपली की लागणारा रबर) लगेच हाताशी. वळणात पुढचं बाहेरचं चाक बंप स्टॉपवर टेकलं की तिथला कडकपणा एकदम वाढतो आणि नाक बाहेर पळायला लागतं. तुम्हाला जे «भारी वळते» वाटतंय ते बंप स्टॉपवर वळतंय. ओल्या रस्त्यावर सांभाळून.

पेडण्याचा_पोलो

बरं बाबा. पण दिसते भारी, यावर वाद नाही ना?

गॅरेजातून_फोंडा

दोघांचंही पुस्तक बरोबर आहे. मी लिफ्टखाली उभा राहून जे दिसतं ते लिहितो.

समुद्राकाठची गाडी. बाणावली, कळंगुट, मिरामार, कुठलीही घ्या. खारी हवा, त्यावर पावसाळ्यात लाल मातीचा चिखल. हा चिखल कॉइलओव्हरच्या आट्यांत शिरतो आणि उन्हात विटेसारखा वाळतो. पहिला पावसाळा गेला की रिंग हलत नाही. सी-स्पॅनर (रिंग फिरवायचा पाना) लावला की रिंगच्या खाचा सोलून निघतात, रिंग जागच्या जागी. मग भिडूसाहेबांची ती उंचीची सोय कागदावर. केडब्ल्यूची नळी स्टेनलेसची असते, ती टिकते, पण चिखल तिथेही बसतोच. ज्यांना घालायचेच आहेत त्यांना मी सांगतो: बसवायच्या आधी आट्यांवर मेणाचा कोट मारा, पावसाळा संपला की चाक काढून तारेच्या ब्रशने साफ करा. हे कोणी करत नाही.

दुसरं, ऑर्डर देण्याआधी पुढच्या स्ट्रटचा व्यास मोजा. या प्लॅटफॉर्मला (गाडीच्या मूळ सांगाड्याला) ५० मिमी आणि ५५ मिमी असे दोन आकार आहेत. चुकीचा आला तर नकलमध्ये (चाक धरणाऱ्या भागात) जाणारच नाही. लोक ऑनलाइन मागवतात आणि बॉक्स माझ्याकडे आणून ठेवतात.

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. यात स्ट्रट नकलच्या क्लॅम्पमध्ये वरून बसतो. क्लॅम्पला मागे चीर असते. त्या चिरेत स्प्रेडर बिट घालून पाव वळसा फिरवला की क्लॅम्प केसभर उघडतो आणि स्ट्रट सहज सुटतो. ज्यांच्याकडे बिट नाही ते चिरेत छिन्नी ठोकतात. नकलला तडा गेला तर शॉकच्या बचतीचं काय करायचं? बसवताना आणखी एक: आर्मचे बुशवाले (रबरी जोडाचे) बोल्ट गाडी लिफ्टवर लोंबकळत असताना पक्के आवळायचे नाहीत. चाकावर वजन आल्यावर, बसत्या उंचीला, मग टॉर्क. नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. लोक म्हणतात नवीन शॉक कडक निघाले. शॉक बिचारा निर्दोष असतो.

फातोर्ड्याचा_भिडू

दादा, रिंगचं मान्य. पण मग पुढच्या कॅम्बरचं (चाक उभ्यात किती कललंय त्याचं) काय? मूळ सेटिंगला पुढे जेमतेम अर्धा अंश निगेटिव्ह (वरून आत कललेला) मिळतो. गाडी कलली की स्ट्रटला तेवढा कॅम्बर परत मिळवता येत नाही आणि बाहेरचा टायर खांद्यावर चालतो. कोइमतूरच्या कारी ट्रॅकला जाऊन आलेल्या टायरचा बाहेरचा खांदा बघा, रबराच्या वळ्या पडलेल्या असतात आणि आतली बाजू नवी कोरी. बी६ घालून हे कसं सुटणार?

पर्वरीचा_डिझेल

कॅम्बर बोल्ट टाका. दोन हजारांचं काम.

गॅरेजातून_फोंडा

@पर्वरीचा_डिझेल, ज्या गाड्यांत स्ट्रट नकलला दोन बोल्टांनी धरलेला असतो त्यांत टाका. इथे क्लॅम्प आहे, बोल्ट टाकायला जागाच नाही. सबफ्रेम (आर्म धरणारी चौकट) सरकवून डावी-उजवी बाजू सारखी करता येते, एका बाजूचा वाढला की दुसऱ्याचा कमी होतो. खरोखर वाढवायचा तर वरती कॅम्बर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक सरकवणारी) हवी. मागे मात्र मल्टीलिंक असल्यामुळे कॅम्बर आणि टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत ते) दोन्ही मुळातच सेट होतात.

म्हापशेकर_आरएस

आणि कॅम्बर प्लेट घातली की रबराच्या माउंटच्या जागी धातूचं बेअरिंग येतं. पर्वरीच्या उड्डाणपुलाच्या कामाशेजारून रोज जाणाऱ्या माणसाला तो खडखडाट डोक्यावर ऐकायचाय का? ट्रॅकसाठी मी पुढचा टो शून्यावर ठेवीन, हवा नीट बघीन, आणि पुढच्या टायरची झीज सोसीन. कारी २.१ किलोमीटरचा आहे, वर्षातून एकदोनदा जायचं, आणि त्याच गाडीने घाट चढून घरी यायचं. जितका वेळ ट्रॅकवर, त्याच्या कित्येक पट वेळ हायवेवर जाणार. सेटिंग कोणासाठी करायचं?

फातोर्ड्याचा_भिडू

टायरची झीज सोसणार आणि शॉकचे पैसे वाचवणार! तेवढ्या टायरच्या पैशांत केडब्ल्यू येईल, साहेब.

आधी_ब्रेक

तुम्ही सगळे शॉकवर भांडताय आणि ब्रेक फ्लुइड कोणी बदललंय का ते विचारत नाही. डॉट ४ प्रतीचं फ्लुइड नवं असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषला की मानकाप्रमाणे ती हद्द १५५ पर्यंत खाली येते. गोव्याच्या दमट हवेत ते शोषणारच. ट्रॅकवर काही फेऱ्यांनंतर पेडल स्पंजासारखं झालं की कुठलाही शॉक वाचवत नाही. क्रम असा: फ्लुइड, पॅड, टायर, अलाइनमेंट, मग उरले तर शॉक.

म्हापशेकर_आरएस

क्रम मान्य. पण माझे शॉक गेलेत, ते बदलायचेच आहेत. ती चैन नव्हे, दुरुस्ती आहे.

कलम_५२

एक कोरडा मुद्दा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं १८२अ(४) बघा: परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

फातोर्ड्याचा_भिडू

आरसीत स्प्रिंगची नोंदच नसते. मग वेगळं काय झालं?

कलम_५२

युक्तिवाद ठीक आहे, पण तो रस्त्यावर थांबवणाऱ्यापुढे नाही, नंतर न्यायाधीशापुढे करायचा असतो. १८२अ(४) मध्ये रेट्रोफिटिंगचा (नंतर सुटे भाग बसवण्याचा) शब्द स्पष्ट आहे. गाडी जमिनीला टेकलेली दिसली की नजर जाणार. मूळ उंचीवरचे शॉक बदलले तर कोणी वाकून बघत नाही. आणि विमा: खासगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी सरळ वगळलेली असते. ट्रॅकवर भिंतीला लागली तर खर्च खिशातून, शॉक कुठलेही असोत.

म्हापशेकर_आरएस

म्हणजे कायदाही माझ्या बाजूने निघाला.

फातोर्ड्याचा_भिडू

कायदा कोणाच्याच बाजूने नसतो. मी माझं म्हणणं सोडत नाही: मूळ स्प्रिंगवर बी६ घातलेली गाडी घाटात छान, ट्रॅकवर अर्धवट. पण तुम्ही वर्षातून एकदोनदाच जाणार असाल तर अर्धवट चालेल, एवढं कबूल करतो. महिन्याला जाणाऱ्याने माझं ऐकावं. आणि मागचा बार जाड करणार म्हणताय, तो पावसाळ्यात मऊ खुणेवर ठेवा. मागचा बार कडक आणि रस्ता ओला असला की पाय ॲक्सिलरेटरवरून काढताच शेपूट बाहेर येते.

म्हापशेकर_आरएस

दोन भोकांचा (एक मऊ, एक कडक) बार घेतोय. मऊ भोकावरच राहील, निदान दिवाळीपर्यंत. @गॅरेजातून_फोंडा, स्प्रेडर बिट आहे ना तुमच्याकडे?

गॅरेजातून_फोंडा

आहे. येताना शॉक घेऊन येऊ नका, आधी व्यास मोजू. लिंक रॉड आणि स्ट्रट माउंटिंगही त्याच वेळी नवे घालू, जुन्या माउंटिंगवर नवा शॉक बसवायला मी हात लावत नाही.