सोमवारपासून रेडिएशन : तोंड येऊ नये म्हणून काय करावं?

घाटमाथा :
सासऱ्यांच्या गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय. आता ३० सिटिंग रेडिएशन, सोबत दर आठवड्याला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. तोंड येणारच, असं सगळेच सांगतात. कुणी म्हणतं केमोच्या वेळी बर्फ चघळायला द्या, कुणी म्हणतं मध लावा. घरात क्लोरहेक्सिडिनची (जंतुनाशक माउथवॉश) बाटली पडून आहे. त्यांना शुगर आहे, खाली अर्धी कवळी आहे. नेमकं काय करायचं आणि कधीपासून?

तोंडपाटीलकी :
आजपासूनच. रेडिएशनचे फोड दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उठतात आणि सिटिंग संपल्यावरही दोन-चार आठवडे छळतात. गुळण्यांची सवय आधी लागलेली असेल तरच पुढे टिकते.

उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, त्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा. किराणावाल्याकडे नीट सांगून घ्या : धुण्याचा सोडा तोंड भाजतो आणि बेकिंग पावडर म्हणजे खाण्याचा सोडा नव्हे. पाणी रोज नवं करायचं. अर्धा मिनिट खळखळवून थुंकायचं, गिळायचं नाही. आता दिवसातून ४ ते ६ वेळा, तोंड आलं की जागेपणी दर दोन तासांनी. या पाण्याने फोड टळतात असं नाही, पण चिकट लाळ सुटते, तोंड ओलं नि स्वच्छ राहतं.

क्लोरहेक्सिडिन रेडिएशनचे फोड टाळायला उपयोगाचं ठरलेलं नाही, ते ठेवून द्या. ०.१५ टक्के बेन्झिडामिनबद्दल (दुखणं-सूज कमी करणाऱ्या गुळण्यांचं औषध) डॉक्टरांना विचारा. ५० ग्रेपर्यंतच्या (ग्रे म्हणजे रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक) रेडिएशनला त्याचा पुरावा चांगला आहे. तुमच्या ३० सिटिंगचे साधारण ६० ग्रे होतील आणि वर केमो, म्हणजे भरवसा थोडा कमी, तरी वापरतात. चुरचुरलं तर निम्मं पाणी घालायचं.

ब्रश अगदी मऊ, वापरण्याआधी गरम पाण्यात बुडवून अजून मऊ करायचा. फ्लोराइडवाली, कमी फेसाची पेस्ट. कवळी जेवणापुरतीच, हिरडी लाल दिसली की तीही नको. आणि सोमवारच्या आत दंतवैद्य गाठा. किडलेला दात काढायचा तर जखम भरायला दोनेक आठवडे लागतात, तारीख पुढे ढकलायची का ते ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याची भीती असते.

पिवळीजुई :
बर्फाचा सल्ला खोटा नाही, फक्त तुमच्या पेशंटसाठी नाही. गारव्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात, औषध अस्तरापर्यंत कमी पोचतं. हा सल्ला ५-एफयू या केमोच्या औषधासाठीचा, तुमच्याकडे सिस्प्लॅटिन आहे. ५-एफयू शिरेतून एकदम दिलं की रक्तातून लवकर उतरतं, म्हणून इंजेक्शनच्या ५ मिनिटं आधीपासून अर्धा तास बर्फ चघळला की पुरतं. तेच औषध पंपाने ४६ तास चालू असेल तर कोण एवढा बर्फ चघळणार! ऑक्झॅलिप्लॅटिन या आणखी एका केमोच्या औषधाच्या दिवशी तर बर्फ नकोच, गारव्याने घसा आवळल्यासारखा होतो.

मधाचा फायदा डोक्या-मानेच्या रेडिएशनमध्ये दिसलेला आहे. पण शुगर, आणि लाळ आटली की दात झपाट्याने किडतात. मी वगळला असता.

घाटमाथा :
आभार. मिश्री सुटत नाहीये, तिचं काय? तुरटीच्या गुळण्या चालतील? जेवणात काय द्यायचं?

तोंडपाटीलकी :
मिश्रीत तंबाखूच असतो, ती बंद म्हणजे बंद. सुटत नसेल तर ओपीडीत स्पष्ट सांगा, सोडायला औषधं मिळतात. तुरटीने तोंड आणखी कोरडं पडतं, नको.

पिवळीजुई :
ठेचा, लिंबू, टोमॅटोचं सार, कडक भाकरीचा पापुद्रा हे बंद. भाकरी दुधात कुस्करून, मऊ भातावर वरण आणि तूप, अंड्याची भुर्जी मिरचीशिवाय. सगळं कोमट. दर आठवड्याला वजन लिहून ठेवा. उतरत असेल किंवा गिळताना कळ येत असेल तर नाकातून पोटात अन्न देणाऱ्या नळीचा विषय लवकर काढा. दुखतंय म्हणून सिटिंग मात्र बुडवू नका, खंड पडला की उपचाराचा जोर कमी होतो. वेदनेची औषधं वाढवून मिळतात, मागा.

रोज टॉर्च लावून तोंड बघा. पांढरा थर दिसला तर खरवडू नका : रेडिएशनच्या फोडावरही तसा थर येतो आणि बुरशीचाही तसाच दिसतो. बुरशीला वेगळं औषध लागतं, ते डॉक्टरच बघून ठरवतील. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला तर घरात पॅरासिटामॉल देऊन वाट बघू नका, रात्र असली तरी तडक हॉस्पिटल. केमोने पांढऱ्या पेशी उतरलेल्या असू शकतात.