सामायिक फाइली प्राथमिकच्या वर्गात: आधी शिक्षकांनी मुरवाव्यात की थेट मुलांपर्यंत न्याव्यात?

साधनव्यक्ती

केंद्राच्या (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत तंत्रज्ञानाचा तास बहुतेक ठिकाणी सारखाच होतो. एक तज्ज्ञ, आधीच लॉगिन केलेला लॅपटॉप, समोर पन्नास-साठ शिक्षक. पडद्यावर पॅडलेटची रंगीत भिंत (सगळ्यांना चिठ्ठ्या, फोटो लावता येतील असा ऑनलाइन फलक) दिसते, सगळे फोटो काढतात, हजेरीची लिंक भरतात. सोमवारी शाळेत पहिली अडचण येते ती पासवर्डची, आणि परिषदेत तिचा विषयच निघालेला नसतो.

माझं मत ठाम आहे. पहिलं सत्र मुलांपुढे या सामायिक साधनांमधलं काहीही ठेवू नये. शिक्षकांनी स्वतःच्या कामासाठी वापरावं. उदाहरणार्थ, तिसरीची गणिताची घटक चाचणी केंद्रातल्या सगळ्या शाळांनी मिळून एकाच गूगल डॉक्समध्ये, म्हणजे सगळ्यांना एकदम लिहिता येईल अशा ऑनलाइन फाइलीत, तयार करायची. प्रत्येकाने दोन प्रश्न टाकायचे, दुसऱ्याच्या प्रश्नात बदल सुचवायचा तो 'सजेस्ट चेंजेस' चालू करूनच, म्हणजे मूळ मजकूर पुसला जात नाही. तास घेणाऱ्याने मध्येच मुद्दाम एक पान उडवावं आणि शिक्षकांना ते परत आणायला लावावं: लॅपटॉपवर 'फाइल', मग 'व्हर्जन हिस्टरी', हवी ती वेळ निवडून 'रिस्टोअर'. हे एकदा स्वतःच्या हाताने केलं की 'काही बिघडलं तर?' ही धास्ती जाते. शिक्षक वर्गात ही साधनं उघडत नाहीत त्याला आळस नव्हे, ही धास्ती कारणीभूत आहे.

चौथीचा_वर्ग

असहमत. शिक्षकांपुरतं ठेवलं की ते कार्यालयीन काम होऊन बसतं. ऑनलाइन माहिती भरण्याचं ओझं आधीच डोक्यावर आहे, त्यात आणखी एक फाइल. वर्गातला उपयोग डोळ्यांना दिसला की शिक्षक आपणहून शिकतो.

एक उपक्रम सांगतो, दोनशिक्षकी शाळेतही होतो. पावसाळ्यात कोकणातली एक शाळा आणि माणदेशातली एक शाळा मिळून पावसाची रोजची नोंद ठेवायची, गूगल शीट्समध्ये, म्हणजे सामायिक ऑनलाइन तक्त्यात. शाळेला एक फोन पुरे. मुलाचं खातं नको. पर्जन्यमापक म्हणून सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिकची बाटली. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा, म्हणजे गाळणीही होते आणि बाष्पीभवनही कमी. बाटलीचा तळ वाकडा असतो, म्हणून तिथे खडे टाकून सपाट भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरायचं आणि त्या रेषेला शून्य धरून पट्टी चिकटवायची. हे राहिलं तर छोट्या पावसाचे आकडे साफ चुकतात.

शीटमध्ये तीन गोष्टी आधी कराव्यात, त्याही लॅपटॉपवर. एक, प्रत्येक शाळेचा रकाना 'प्रोटेक्ट रेंज'ने त्या शाळेच्या खात्यापुरताच खुला ठेवायचा. दोन, 'डेटा व्हॅलिडेशन' लावून फक्त ० ते ५०० मधली संख्या स्वीकारायची, बाकी नाकारायची. मूल '१५ मिमी' असं लिहितं, तो मजकूर ठरतो आणि बेरजेत धरलाच जात नाही. एकक रकान्याच्या मथळ्यात लिहावं. तीन, मथळ्याची ओळ गोठवावी, नाहीतर फोनवर खाली सरकताना कुठला रकाना कुणाचा ते कळत नाही.

खडू_फळा

दोघांनाही विरोध. हा तक्ता भिंतीवर कार्डशीटवर होतो. समोरच्या शाळेचा आकडा फोनवर विचारता येतो. शीट्सने मुलाला नेमकं जास्त काय दिलं?

निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाचं तिसरीअखेरचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचं आहे. कितीतरी मुलं तिथवर पोचलेली नाहीत. हातात पेन्सिल धरून 'क्ष' आणि 'ज्ञ' वळणदार काढायच्या वयात कळफलकावर हलन्त शोधायला लावणं मला पटत नाही. चार ओळींच्या परिच्छेदाला अर्धा तास जातो आणि गटातली तीन मुलं नुसती बघत बसतात. सहकार्य म्हणायचं तर ते एका बाकावर बसून एकाच वहीत चौघांनी लिहिण्यातही असतं.

साधनव्यक्ती

@खडू_फळा सर, पहिली-दुसरीबाबत शंभर टक्के तुमच्या बाजूने. पण चौथीतही टंकलेखनावर अडून राहायची गरज नाही. जीबोर्ड या फोनवरच्या गूगलच्या कळफलकात मराठी हस्तलेखनाची सोय आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठीखाली 'हँडरायटिंग' जोडायचं. मूल बोटाने 'क्ष' काढतं. वळण चुकलं तर भलतंच अक्षर उमटतं, आणि दुरुस्ती तिथल्या तिथे होते.

दुसरा मार्ग बोलून लिहिण्याचा. लॅपटॉपवर क्रोममध्ये डॉक्स उघडून 'टूल्स', 'व्हॉइस टायपिंग', भाषा मराठी. इथे तोंडी सांगून विरामचिन्हं येत नाहीत, सगळा मजकूर सलग पडतो. तोच मजकूर पडद्यावर ठेवा आणि पूर्णविराम कुठे, प्रश्नचिन्ह कुठे हे गटाला ठरवू द्या. विरामचिन्हांचा इतका जिवंत तास मला दुसरा माहीत नाही.

खडू_फळा

प्रमाण मराठीच्या जवळचं बोलणाऱ्या मुलासाठी ठीक. मेळघाटात कोरकू बोलणारं मूल, नंदुरबारकडचं भिली बोलणारं मूल बोलायला लागलं की यंत्र त्याच्या शब्दाच्या जागी दुसराच मराठी शब्द बसवतं. पडद्यावर सगळ्या वर्गासमोर आपलं बोलणं चुकीचं उमटलेलं पाहून ते मूल दुसऱ्या दिवशी तोंड उघडणार नाही. तिथे हा मार्ग बंदच ठेवावा.

साधनव्यक्ती

बरोबर, तिथे नकोच. तिथे मुलाच्या भाषेतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून तसंच ठेवावं आणि खाली मराठीत दोन ओळी शिक्षकाने लिहाव्यात.

पालक_आणि_शाव्यस

शाळा व्यवस्थापन समितीत असल्यामुळे विचारतो. मुलांची नावं, फोटो या फाइलींवर जातात त्याचं काय? गूगलचं स्वतःचं खातं काढायला भारतात किमान वय १३ आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात तर १८ वर्षांखालचे सगळेच बालक धरलेत आणि त्यांची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सरसकट 'एडिटर' (फाइलीत बदल करू देणारी) लिंक टाकणं आधी थांबवा. ती लिंक मामा-काकांपर्यंत जाते आणि फाइलीत कोण काय लिहितंय ते कळतही नाही. लॉगिनशिवाय आलेल्याचं नावसुद्धा दिसत नाही.

चौथीचा_वर्ग

मुद्दा रास्त. म्हणूनच मुलाचं खातं नकोच असं वर लिहिलं. पालकांना लिंक द्यायची तर 'व्ह्यूअर', म्हणजे फक्त पाहण्यापुरती. मुलाचं नाव 'गट २, हजेरी क्र. ७' इतकंच. फोटो वहीच्या पानाचा, चेहऱ्याचा नाही. पॅडलेटवर 'मंजुरीनंतरच पोस्ट दिसेल' ही सोय चालू ठेवावी. फुकटात तिथे मोजक्याच भिंती मिळतात, म्हणून दर धड्याला नवी भिंत न काढता एकाच भिंतीवर रकाने वाढवावेत.

आता भिंतीवरच्या तक्त्याविषयी. @खडू_फळा, आपल्या शाळेपुरता तो तक्ता हवाच, मुलांनी रोज खडूने किंवा पेनाने भरावा. शीट लागते ती समोरच्या शाळेने प्रश्न विचारावा म्हणून. कोकणातल्या रकान्यात एका दिवसात १४० दिसतं, आपल्या रकान्यात ०. आकड्यावर टिप्पणी टाकायची: 'तुमच्या अंगणात पाणी साचलं का? शाळा भरली का?' उत्तर दुसऱ्या दिवशी मुलांकडूनच येतं, तेही त्याच आकड्याला चिकटलेलं. फोनवरच्या बोलण्यात हे उरत नाही, आणि महिन्याने उताऱ्यासाठी मजकूर हवा तेव्हा हाताशी काहीच नसतं.

खडू_फळा

टिप्पणीचा मुद्दा मान्य. तिसरी-चौथीला आठवड्यातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं, याला माझी हरकत नाही. त्यापुढे आहे.

पण साधनांच्या भरवशाचं काय? परिषदांमध्ये जॅमबोर्ड हा गूगलचा ऑनलाइन फळा शिकवला, लोकांनी त्यावर फळे तयार केले, आणि गूगलने ३१ डिसेंबर २०२४ ला ते बंद केलं. शिक्षकाची मेहनत गेली. नवीन साधन आलं की पुन्हा पहिल्यापासून.

साधनव्यक्ती

त्यासाठीच शिक्षकांनी आधी मुरवावं असं म्हणतो. परवानगी कुणाला किती द्यायची, बदल सुचवायचा कसा, जुनं परत आणायचं कसं, आपली प्रत उतरवून कशी ठेवायची, या चार गोष्टी हातात बसल्या की बटणाची जागा बदलली तरी अडत नाही. दर सत्राअखेर फाइल पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर ठेवावी.

बदल्यांचाही विचार करा. फाइली शिक्षकाच्या वैयक्तिक खात्यावर असतात, बदली झाली की शाळेचं सगळं काम त्याच्याबरोबर जातं. शाळेच्या नावाचं खातं काढलं तरी त्याला जोडलेला मोबाइल नंबर जुन्याच शिक्षकाचा राहतो आणि ओटीपी दुसऱ्या तालुक्यात वाजतो. उपाय: दुहेरी पडताळणी चालू करून आठ आकडी दहा बॅकअप कोडचा (ओटीपीऐवजी चालणाऱ्या आकड्यांचा) कागद छापावा आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा. एक कोड एकदाच चालतो. कार्यमुक्तीच्या दिवशी नंबर बदलून घ्यावा, कार्यभार यादीत तशी ओळच असावी. फुकटच्या खात्याला जागा १५ जीबी. स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ तिथे टाकले की ती भरते, मग नवी फाइल उघडत नाही आणि मेलही यायचे थांबतात.

पालक_आणि_शाव्यस

कार्यभार यादीचा ठराव समितीच्या पुढच्या बैठकीत घेता येईल, मसुदा असेल तर इथे टाका. एक शंका: रविवारी शाळा बंद. पावसाचा आकडा कोण लिहिणार?

चौथीचा_वर्ग

रविवारचा रकाना रिकामा ठेवायचा, ० लिहायचं नाही. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही, रिकामं म्हणजे मोजला नाही. सरासरी काढताना शीट शून्य धरते, रिकामा रकाना धरत नाही, त्यामुळे फरक पडतो. सोमवारी बाटलीत साचलेलं पाणी दोन दिवसांचं, ते सोमवारी लिहून टिप्पणीत 'दोन दिवसांचा' अशी नोंद करायची. वेळ दोन्ही शाळांनी एकच धरावी. हवामान खातं सकाळी ८.३० ला मोजतं. शाळा तेव्हा भरत नसेल तर परिपाठ संपल्यावर, पण रोज त्याच वेळी. आणि मोजून झालं की पाणी शून्याच्या रेषेपर्यंतच ओतायचं, सगळी बाटली रिकामी करायची नाही.