मदत हवी आहे: क्वांटम कॉम्प्युटिंगमधल्या नोकरीच्या दोन ऑफर्सची तुलना कशी करावी?

पहिली ऑफर स्टार्टअपची, हार्डवेअरची: १०-२० मिलिकेल्विनवरचा डायल्युशन फ्रिज (चिप अतिथंड ठेवणारं यंत्र) सांभाळणं, क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरचा मूळ घटक) कॅलिब्रेशन, मायक्रोवेव्ह पल्स. दुसरी मोठ्या कंपनीत, एरर करेक्शनचं, म्हणजे क्युबिट्सच्या चुका सुधारण्याचं सॉफ्टवेअर.

स्टार्टअपचा मूळ पगार कमी, स्टॉक ऑप्शन्स (ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर्स घ्यायचा हक्क) भरपूर. व्हेस्टिंग (ऑप्शन्स टप्प्याटप्प्याने हक्काचे होणं) ४ वर्षं, क्लिफ (त्याआधी काहीच न मिळण्याची मुदत) १ वर्ष. म्हणजे अकराव्या महिन्यात सोडलं तर हाती शून्य, वर्ष भरलं की २५ टक्के, पुढे दरमहा १/४८. ऑप्शन्सचा आकडा दिसायला घसघशीत आहे, पण कंपनीचे एकूण शेअर्स किती आणि स्ट्राइक प्राइस (शेअर घेण्याची ठरलेली किंमत) काय, हे ऑफर लेटरमध्ये नाहीच! त्याशिवाय त्या आकड्याला काय अर्थ?

एकूण शेअर्स विचारताना राखीव ऑप्शन पूलही (कर्मचाऱ्यांसाठी बाजूला ठेवलेले शेअर्स) धरून विचारावेत ना? नोकरी सोडल्यावर ऑप्शन्स वापरायला बहुधा ९० दिवसच मिळतात. ही मुदत कोणी वाढवून घेतली आहे का?

मुख्य अडचण लेव्हलची, म्हणजे कंपनीतल्या पदश्रेणीची. पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) ३ वर्षं अनुभवात धरायला दोघेही तयार नाहीत. सुरुवातीची लेव्हल खाली लागली की पुढची टक्केवारीची वाढही त्याच कमी पायावर बसते, त्यामुळे जॉइनिंग बोनसपेक्षा इथेच ताणून धरावं असं वाटतं. पेपर्स, चिपच्या फॅब्रिकेशनचा अनुभव, पेटंट यांपैकी काय पुढे केलं की लेव्हल खरंच बदलते? हार्डवेअरमध्ये मॅनेजर न होता प्रिन्सिपलपर्यंत (वरच्या तांत्रिक पदापर्यंत) कोणी पोचलं असेल तर तेही सांगा.