मे महिन्यात मुलांना घेऊन मालवण: एक मोठी ट्रॉली की प्रत्येकाची वेगळी सॅक?

कोकणवारी:
मुंबईहून रेल्वेने कुडाळ, तिथून रिक्षा किंवा एसटीने मालवण. मुक्काम पाच दिवस, दोन मोठी माणसं, दोन मुलं (वय ४ आणि ९). सुट्टी लागली की अशी कितीतरी कुटुंबं निघतात आणि बहुतेक जण एक भलीमोठी ट्रॉली भरतात. माझं मत स्पष्ट आहे: ती ट्रॉली घरीच राहू द्या. प्रत्येकाच्या पाठीवर सॅक हवी, मुलांच्याही.

कुडाळला बऱ्याच गाड्या जेमतेम दोन मिनिटं थांबतात. मोठी ट्रॉली रिकामीच चार किलोच्या आसपास, भरली की वीसच्या वर. ती बर्थखालून ओढायची, पॅसेजमधून दाराशी आणायची, पायऱ्यांवरून उतरवायची, आणि त्याच वेळी झोपेतून उठलेलं चार वर्षांचं मूल सांभाळायचं. एक मोठा माणूस त्या बॅगेलाच जुंपला जातो. सॅक पाठीवर असली की दोघांचे हात मुलांसाठी मोकळे. पुढे रिक्षातही तेच: चौघं बसल्यावर मोठी ट्रॉली ठेवायला जागाच उरत नाही. शिवाय थ्री-एसीत ५५ × ४५ × २२.५ सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग नियमात बसतच नाही.

घडीदार:
मोठी ट्रॉली नको, इथपर्यंत सहमत. पण चार सॅक? अजिबात नाही.

नग मोजा. चार सॅक, खाण्याची पिशवी, पाण्याच्या बाटल्या, चादरीची पिशवी. सात-आठ नग झाले. गाडीत विसरतात ते हेच छोटे नग: हुकाला लटकवलेली पिशवी, वरच्या बर्थवर उशाशी ठेवलेली सॅक. नग जितके कमी, तितकी मोजणी सोपी.

मुलांच्या पाठीचाही विचार करा. शाळेच्या दप्तरासाठी मुलाच्या वजनाच्या १० टक्के ही मर्यादा धरली जाते. १५ किलोच्या मुलाला ती दीड किलो पडते. रिकामी सॅक तीन-चारशे ग्रॅम, भरलेली अर्ध्या लिटरची बाटली सहाशेच्या पुढे. उरलं काय? एक फ्रॉक आणि एक टॉवेल. आणि प्लॅटफॉर्मवर शंभर पावलं चालून झाली की ती सॅक मोठ्यांच्याच खांद्यावर येते, म्हणजे नग वाढतो, ओझं कमी होत नाही.

माझा हिशेब असा: ५५ सेंटिमीटरच्या दोन ट्रॉल्या आणि एक सॅक. एकूण तीन नग. कणकवली गेली की कुडाळला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. तेव्हाच चादरी गुंडाळायच्या, मुलांच्या पायात चपला घालायच्या, बॅगा दाराशी न्यायच्या. दोन मिनिटांची घाई खरी, पण ती बॅगेमुळे होत नाही, उशिरा उठल्यामुळे होते.

कोकणवारी:
कणकवलीचा मुद्दा मान्य, तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा. पण सकाळच्या वेळी दाराशी तुमच्यासारखीच आणखी दहा कुटुंबं उभी असतात. तिथे चाकं चालतच नाहीत, बॅग उचलावीच लागते.

सुती:
तुम्ही दोघंही बॅगेवर भांडताय, खरा घोळ कपड्यांच्या संख्येत आहे. पाच दिवसांसाठी प्रत्येक मुलाचे दहा-बारा जोड भरले तर कुठलीच बॅग पुरणार नाही.

मे महिन्यात किनाऱ्यावर हवा दमट, घाम मरणाचा. मुलांना दिवसातून दोनदा कपडे बदलावे लागतात हे खरं. तरी चार पातळ सुती जोड, समुद्रासाठी एक वेगळा आणि प्रवासाचा अंगावरचा, एवढे बास. रोज दुपारी बादलीत धुवायचे. पातळ सुती कापड उन्हात दोन-तीन तासांत वाळतं. जीन्स वाळत नाही, तिच्या शिवणी आणि खिसे ओलेच राहतात, आणि ती तशीच घातली की मांड्या घासून लाल होणं आणि घामोळं ठरलेलं. चड्ड्या मात्र मोजून न नेता जास्तच न्याव्यात. सोबत दोन मीटर दोरी आणि सहा-आठ चिमटे.

वाळूतून आल्यावर मुलांचे कपडे आधी झटकायचे, मग पाण्यात घालायचे. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवले तर उन्हात तासाभरात कुबट वास लागतो. ते खोलीवर पोचल्या पोचल्या मोकळे करायलाच हवेत.

डबाबाटली:
खाण्याची पिशवी घडीदार यांनी एका नगात उरकली, पण मुलांचा प्रवास तिच्यावरच तरतो.

रात्रीच्या गाडीसाठी दशम्या करा. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, चमचाभर तूप घालायचं. दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात, मुलं नुसत्या गुळाबरोबर खातात. चूक होते ती भरताना: तव्यावरून काढून थेट डब्यात टाकल्या की वाफेचं पाणी सुटतं आणि सकाळपर्यंत चिकट होऊन आंबूस वास येतो. कापडावर एकेक पसरून पूर्ण गार करा, मग कोरड्या कापडात गुंडाळून डब्यात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी. ओल्या नारळाची चटणी मे महिन्यात काही तासांत उतरते, ती नकोच.

घडीदार:
इथेही माझा विरोध. रात्री जेवून निघायचं, सकाळी उतरल्यावर नाश्ता. दरम्यान मुलं झोपलेली असतात. त्यासाठी चार जणांच्या दशम्या कशाला? दोन केळी, भाजलेले शेंगदाणे, बिस्किटांचा पुडा पुरे.

डबाबाटली:
गाडी दोन-तीन तास उशिरा धावली तर? एकपदरी मार्गावर समोरच्या गाडीसाठी थांबणं होतं, आणि कोकण रेल्वे बऱ्याच लांबीत एकपदरीच आहे. सकाळी नऊला भूक लागलेलं चार वर्षांचं मूल बिस्किटावर थांबत नाही. आठ दशम्या म्हणजे एक छोटा डबा, त्याला जागा करा. शेंगदाणे मात्र चार वर्षांच्या मुलाला हलत्या गाडीत देऊ नका, घशात अडकतात. केळी पिकलेली नकोत, रात्रभरात काळी पडून पिशवीभर होतात. किंचित हिरवट घ्या.

औषधाची पिशवी:
कपड्यांत एक-दोन कमी पडले तर चालतं, इथे चालत नाही.

तापाचं पॅरासिटामॉल सिरप घरातली बाटली बघूनच घ्या. बाजारात एकाच नावाची दोन ताकदींची सिरपं मिळतात: ५ मिलीत १२० मिलीग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलीग्रॅम. एका वेळची साधारण मात्रा किलोमागे १० ते १५ मिलीग्रॅम. १४ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त २१० मिलीग्रॅम, म्हणजे पहिल्या बाटलीतून पावणेनऊ मिली आणि दुसरीतून फक्त ४.२ मिली. घरी पहिलीची सवय असेल आणि मालवणात दुसरी विकत घेतली, तर मापाचं झाकण नेहमीसारखंच भरलं जातं आणि औषध दुपटीने पोटात जातं. म्हणून बाटली खोक्यासकट न्यायची. आपल्या डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाप्रमाणे मिली आणि किती तासांनी द्यायचं ते लिहून घेऊन खोक्यावर चिकटवायचं. स्वयंपाकघरातला चमचा मापाला चालत नाही.

ओआरएसची एक लिटरची पुडी अंदाजाने अर्धी ग्लासात घालणं ही दुसरी नेहमीची चूक. पाणी जास्त खारट झालं तर जुलाब झालेल्या मुलाला अपायच होतो. २०० मिलीच्या छोट्या पुड्या घ्या, सहा-आठ. प्रत्येक पुडीला मोजून २०० मिली उकळून गार केलेलं पाणी. मापासाठी रेषा असलेली दुधाची बाटली सोबत ठेवा. कालवलेलं २४ तासांनी टाकून द्यायचं. दुकानातलं गोड फळांचं पेय म्हणजे ओआरएस नव्हे.

आणि ही पिशवी बर्थखाली नाही, अंगावर.

सुती:
हाच तर मुद्दा. बॅगा माणसागणिक लावू नका, कधी उघडणार त्याप्रमाणे लावा. गाडीत लागणारं एकीकडे: औषध, एक-एक जोड, टिशू, चादर, पाणी, डबा. ही पिशवी प्रवासात उघडते. बाकी सगळं मालवणला खोलीत गेल्यावरच. रात्री दहाला दिवे मालवल्यावर मोज्यांसाठी तळाची बॅग उपसावी लागणार नाही. पॉवर बँकही त्यातच, बऱ्याच गाड्यांत रात्री चार्जिंगचे पॉइंट बंद असतात.

कोकणवारी:
हे पटलं. मग माझी दुरुस्ती: गाडीतली एक सॅक, मोठ्यांच्या दोन सॅक, आणि नऊ वर्षांच्या मुलाची अडीच किलोच्या आतली. धाकट्याची रद्द. पण ट्रॉली नाहीच. मालवणातल्या बऱ्याच घरगुती खोल्या वाडीत असतात, रस्त्यापासून आत चिऱ्याच्या पायवाटेने जावं लागतं. तिथे छोटी चाकंही अडतात.

घडीदार:
त्यासाठी आधी घरमालकांना फोन करून विचारा: रिक्षा दारापर्यंत येते का? येत असेल तर माझ्या ट्रॉल्या जिंकल्या, नसेल तर तुमच्या सॅक. आणि धाकट्याची सॅक रद्द केलीत तरी त्याच्या खिशात आई-बाबांचे फोन नंबर लिहिलेला कागद हवा, आणि निघताना अंगावर असलेल्या कपड्यांतला त्याचा एक फोटो मोबाइलमध्ये.