मदत हवी आहे: पोळ्या लाटणाऱ्या बायकांची मनगटं आणि ओट्याची उंची

नमस्कार मंडळी,

डोंबिवलीत माझं छोटं पोळी-भाजी केंद्र आहे. आम्ही सात जणी. चौघी पोळ्या लाटतात, दोघी भाजीचं बघतात, मी हिशेब, डबे आणि जिथे हात कमी पडेल तिथे. रोजच्या साधारण हजार पोळ्या होतात.

मागच्या महिन्यात आमच्या सगळ्यात जुन्या मावशींनी ओटा पुसून झाल्यावर ओलं फडकं शेजारच्या मुलीपुढे धरलं आणि म्हणाल्या, "एवढं पिळून दे गं." आठ वर्षांत मावशींनी स्वतःचं काम दुसऱ्या कुणाला सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. हात हातात घेऊन बघितला तर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला सूज. नुसतं बोट लावलं तरी कळवळल्या. तीन महिने दुखणं अंगावर काढलं होतं. डॉक्टरांनी डी क्वेर्व्हेन असं नाव सांगितलं. अंगठा हलवणाऱ्या कंडरा मनगटापाशी ज्या आवरणातून जातात ते जाड होतं, सुजतं आणि प्रत्येक हालचालीला कळ येते. पट्टा दिलाय, आणि सध्या लाटणं बंद.

"आधी का नाही सांगितलंत?" विचारलं, तर म्हणाल्या, "पोळ्या कमी झाल्या असत्या ना." आमच्याकडे नगावर पैसे आहेत. सगळीकडे तसेच असतात म्हणून मीही तसेच ठेवले. आता कळतंय की थांबणं म्हणजे पैसे बुडणं, मग कोण कशाला थांबेल?

तेव्हापासून मी मोजपट्टी घेऊन फिरते आहे. मावशींची उंची ४ फूट ९ इंच. ताठ उभं राहून कोपर काटकोनात वाकवलं की ते जमिनीपासून ३५ इंचांवर येतं. आमचा ओटा ३४ इंच आणि त्यावर पोळपाट २ इंच. म्हणजे मावशी इतकी वर्षं कोपराच्याही वर लाटत होत्या, खांदे उचलून! दाब द्यायचं काम कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावं असं वाचलं. तसं असलं तर अंगाचा भार लाटण्यावर देता येतो, नाहीतर सगळा जोर मनगटातून काढावा लागतो. आमच्यातल्या सर्वांत उंच मुलीचं कोपर ४१ इंचांवर आहे, तिला हाच ओटा अगदी बरोबर बसतो. बाकी तिघी तिच्या मापाच्या ओट्यावर राबतायत.

काही गोष्टी लगेच केल्या. पिठाची ५० किलोची पोती बंद करून १० किलोच्या पिशव्या मागवते. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं उचलण्याच्या वजनाचं सूत्र आहे, त्यात सगळं अनुकूल असतानाही मर्यादा २३ किलोच धरलेली आहे, आणि आम्ही दोघी दोघी मिळून पोतं ओढत होतो. १९ किलोची गॅसची टाकी लोखंडासकट पस्तिसेक किलो भरते, तिला चाकांची ट्रॉली आणली. कणीक मळायच्या मशीनची जाळी उघडली की मशीन आपोआप बंद पडायला हवं, ते बटण आधीच्या मालकांनी तार जोडून निकामी केलेलं होतं. ते दुरुस्त करून घेतलं. मळताना ओढणी आणि बांगड्या दोन्ही काढून ठेवायच्या, हा नियम आता भिंतीवर लिहिलाय.

आता जिथे अडले आहे ते सांगते.

ओटा ग्रॅनाइटचा, जागा भाड्याची. तोडता येत नाही. कमी उंचीच्या बायकांसाठी पायाखाली लाकडी फळी टाकावी, तर ओल्या फरशीवर घसरून किंवा कडेला ठेचकाळून भलतंच होईल अशी भीती वाटते. कुणी केलंय का असं काही? दोघी म्हणतात, "आम्हाला घरच्यासारखं खाली बसून लाटू दे." पण तवा वरच आहे, मग दर पोळीला उठबस, गुडघ्यांचं काय?

दुसरं, एवढ्याशा जागेला कोण मदत करतं? सायनला केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, तिथे एर्गोनॉमिक्सचा, म्हणजे काम आणि कामाची जागा माणसाच्या शरीराला सोयीची करण्याच्या शास्त्राचा, वेगळा विभाग आहे. नवी मुंबईत राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे, ४ मार्च १९६६ ला स्थापन झालेली, जिच्या स्थापनादिनी आपण राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळतो. पण हे सगळं डोळ्यांसमोर येतं ते कारखान्यांसाठी. सात बायकांच्या स्वयंपाकघरातून कुणी तिथे फोन केलाय का? ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, सक्तीने लागू व्हायला किमान दहा माणसं लागतात, तेवढ्या आम्ही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचं 'एर्गोनॉमिक चेकपॉइंट्स' पाहिलं, १३२ मुद्दे, प्रत्येकाला चित्र, खूप उपयोगी आहे, पण माझ्या बायकांना वाचून दाखवायला मराठीत काही हवं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: नगावर पैसे असताना मधे हात बदलायची, थांबायची पद्धत कशी बसवायची?

निशिगंध:
ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखण्यातून उठलेल्यांना रोजची कामं पुन्हा नीट करता यावीत यासाठी उपचार करते, ठाण्यात. तुमच्या प्रश्नासाठी आमची शाखा अगदी जवळची. भारतात ती कमला निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या केईएममध्ये सुरू केली. सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातल्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात मावशींना घेऊन जा आणि सोबत मोबाइलवर त्यांचा लाटतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ न्या. नुसता हात दाखवण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

पट्टा आहे तोवर मावशींना चिमटा, उलथनं, उंडे तोडणं यातलं काही देऊ नका. लाटणं थांबवून तव्यावर उभं केलं तर तोच अंगठा राबतो. इतरांना एक विचारा: रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येऊन जाग येते का? येत असेल तर तो कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटात नस दाबली जाण्याचा त्रास असू शकतो, लवकर दाखवा. आणि कणीक सैल मळून, तेलाचा हात लावून अर्धा तास झाकून ठेवा. घट्ट कणकेला जोर जास्त लागतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

पैशांचं म्हणाल तर एका बचत गटात पाहिलंय: दिवसाच्या सगळ्या पोळ्या एकत्र मोजायच्या आणि ज्या जितके तास उभ्या राहिल्या त्या हिशेबाने वाटायच्या. लाटणारी, भाजणारी, डबे भरणारी सगळ्या त्यात.

खटपट्या:
फॅब्रिकेशनचं काम करतो. सुटी फळी नको. पूर्ण उभं राहायच्या लांबीचा, दोन फूट रुंद, पाच इंची लोखंडी चौथरा करा, वर चेकर्ड पत्रा (उठावदार नक्षीचा, पाय न घसरणारा), खाली रबरी बूट आणि पुढची कड पिवळी. ओट्याच्या भिंतीला पट्टीने अडकवला की हलत नाही. धुवायला उचलता यावा म्हणून दोन तुकड्यांत. नाहीतर तिघींसाठी २८ इंची स्वतंत्र टेबल, पायांना स्क्रू, उंची दोन-तीन इंच खालीवर होते. मला विचाराल तर टेबलच. चौथऱ्यावरून गरम तव्याकडे चढउतार नकोच.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. टेबल सांगितलंय, पोळपाट धरून मावशींसाठी ३० इंच होईल. कालपासून पोळ्या एकत्र मोजतोय. सगळ्यात जलद लाटणारी मुलगी नाराज होईल असं वाटलं होतं, तिला समोर बसवून तिचा आकडा दाखवला. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "उद्या माझाही हात दुखेलच की." मावशी डबे मोजतायत आणि पैसे त्यांनाही त्याच हिशेबाने.

आता एकच विचारायचं राहिलं. होळीच्या आठवड्यात पुरणपोळ्यांमुळे काम दुप्पट होतं, पुरण वाटायचं काम त्यात वेगळं. त्या दिवसांत जादा हात आणायचे की ऑर्डरी कमी घ्यायच्या? ज्यांनी हे सांभाळलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.