सव्वादोन सेकंदांची कबुली

निवांत:
११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यात 'इमारती सरकारनेच सुरुंग लावून पाडल्या' ही अफवा खोडायला अमेरिकी सरकारने खूप कागद खर्ची घातले. माझ्या मते त्यातलं सगळ्यात दमदार पान म्हणजे एका चुकीची दुरुस्ती. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधली सातवी इमारत ४७ मजली. तिला विमान धडकलंच नाही, तरी संध्याकाळी ५:२०ला ती कोसळली. निस्ट या सरकारी संस्थेने ऑगस्ट २००८च्या मसुद्यात लिहिलं, की पडायला मुक्त पतनापेक्षा, म्हणजे खाली काहीच अडथळा नसताना पडण्यापेक्षा, ४० टक्के जास्त वेळ लागला. भौतिकशास्त्राच्या एका शिक्षकाने चित्रफीत मोजून हरकत घेतली. नोव्हेंबरच्या अंतिम अहवालात संस्थेने मान्य केलं, की मधले सव्वादोन सेकंद मुक्त पतनच होतं. अशी कबुली दिली की मग बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

शंकासुर:
कसली कबुली? कोंडीत सापडले म्हणून बोलले. सव्वादोन सेकंद खालून काहीच आधार नाही, म्हणजे आठेक मजल्यांचे खांब एकदम निकामी. आगीने?

खिळा:
हो, आगीनेच. तुळया तापून लांबल्या, त्यांनी एक मोठी तुळई ७९ क्रमांकाच्या खांबावरून सरकवली, मजले ढासळले आणि तो खांब वाकला. आतला सांगाडा आधीच गेला होता. चित्रफितीत दिसतं ते बाहेरचं कवच. आणि 'पोलाद वितळत नाही' हे कृपया नको. वितळायला साधारण १५०० अंश लागतात, पण ६००च्या आसपासच निम्मी ताकद जाते. वितळलं असं निस्टने म्हटलेलंच नाही.

शंकासुर:
मग इमारत कशी पडली हे दाखवणाऱ्या निस्टच्या संगणकावरच्या प्रतिकृतीची सगळी माहिती का दिली नाही? २००९मध्ये मागितली तर उत्तर काय, सार्वजनिक सुरक्षेला धोका! या हल्ल्याच्या अमेरिकी संसदीय चौकशीतली सौदी अरेबियाबद्दलची २८ पानंही २०१६पर्यंत कुलपात. एवढं लपवायचं आणि वर आम्हालाच संशयी म्हणायचं.

निवांत:
प्रतिकृतीचं मान्य, तिथे त्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला. पण त्या २८ पानांतून सुरुंग निघाला का? निघाल्या त्या अपहरणकर्त्यांना कुणाकुणाची मदत झाली असावी याबद्दलच्या नोंदी. सरकार स्वतःची अब्रू आणि मित्रदेश सांभाळत होतं. लपवालपवी खरी असली म्हणून तुमची गोष्ट खरी ठरत नाही.

खिळा:
ज्याला पटवून घ्यायचंच नाही त्याला आणखी हजार पानं द्या, तो हजार एकावं मागेल.

शंकासुर:
हजार कशाला? त्या ७९ नंबरच्या जोडाचे आकडे द्या. मी स्वतः बसून मोजतो.