उत्तर: हेवीवेटची घसरण

‘उंचपुरी अमेरिकन पोरं बास्केटबॉल-फुटबॉलकडे गेली म्हणून हेवीवेट बॉक्सिंग संपलं’ हे म्हणणं अमेरिकेपुरतं मान्य. १९८८ साली सेऊलला रे मर्सरने सुवर्ण जिंकलं, त्यानंतर या वजनात अमेरिकेला ऑलिंपिक सुवर्ण नाही. त्यांच्याच डिओन्टे वायल्डरने तर विशीच्या आसपास पहिल्यांदा ग्लोव्ह्ज घातले, तरी २००८ला बीजिंगमध्ये कांस्य आणलं. यावरूनच तिकडची स्पर्धा किती विरळ झाली होती ते कळतं. पण म्हणून सगळं हेवीवेट संपलं? युक्रेनचा हेवीवेट उसिक सत्तरच्या दशकातही कोणालाही जड गेला असता, असं माझं मत.

मला खरी घसरण लढतींच्या संख्येत दिसते. मुहम्मद अलीने १९७५ या एका वर्षात चार वेळा किताब राखला: वेपनर, लाइल, बगनर आणि मनिलात फ्रेझर. उसिक २०२२मध्ये एकदा लढला, २०२३मध्ये एकदा. त्यात जगज्जेतेपदाचे पट्टे चार, कारण ते देणाऱ्या संघटनाही चार. लेनॉक्स लुईसनंतर सगळे पट्टे एका कमरेला यायला मे २०२४ उजाडलं, तेव्हा उसिकने टायसन फ्युरीला हरवलं, आणि पुढच्याच महिन्यात त्या चार संघटनांपैकी आयबीएफचा पट्टा त्याला सोडावा लागला, कारण काय, तर आयबीएफला हवा त्या आव्हानवीराशी लढायच्या ऐवजी फ्युरीशी परतीची लढत आधीच ठरलेली!